सईचे पुढचे दोन दात

लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे असं सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग हमखास विचारायचे, "पण ते दात तर पडणारच असतात ना?" सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधल्या शेजारणींनी विचारलं, नागपूरच्या माझ्या सख्ख्या काकांनी विचारलं, आणि नोएडात दवाखान्यासाठी गाळा बघायला गेले तेव्हा गाळ्याच्या मालकानेही विचारलं. तो तर मनापासून काळजीत पडला. "मॅडम, चलेगा क्या?" म्हणाला.

चाललं. निवृत्त होईपर्यंत चाललं. पण त्या प्रश्नाचं उत्तर मला इतक्या वेळा द्यावं लागलं आहे, की इथेही आधी तेच देऊन टाकते. दुधाचे दात पडतात हे खरं, पण पुढचे पडायला सहावं-सातवं वर्ष उजाडतं आणि मागच्या दाढा तर दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर मूल त्यांनीच चावून खातं, त्यांच्याच आधाराने स-श-त-द बोलायला शिकतं, आणि हिरडीखाली तयार होत असलेल्या कायमच्या, पक्क्या दातांची जागा तेच धरून ठेवतात. तिथे पू झाला तर तो खाली वाढणाऱ्या नव्या दातालाही त्रास देऊ शकतो. एवढं सांगून झालं की समोरची व्यक्ती मान डोलवायची आणि म्हणायची, "हो, पण पडणारच ना शेवटी?"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून आम्ही दिल्लीत. मी रोज सरोजिनी नगरहून चार्टर्ड बसने यमुनेपलीकडे जायची. नोएडात तेव्हा रस्ते रुंद होते आणि माणसं कमी. सेक्टरना नुसते आकडे. एकेका सेक्टरमध्ये नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि पुण्या-मुंबईची तरुण जोडपी तिथे येऊन बिऱ्हाड थाटत होती. दोघंही नोकरी करणारी, घरात वडीलधारं कुणी नाही. बाजारात अचानक सगळं मिळायला लागलं होतं. आमच्या लहानपणी चॉकलेट म्हणजे कुणाचा तरी मामा परदेशातून आला तर. आता ते कोपऱ्यावरच्या दुकानात, गल्ल्याशेजारी, बरोबर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर मांडलेलं असायचं. ती मुलं, गोरीगोमटी, छान कपडे घातलेली, माझ्या खुर्चीवर बसून तोंड उघडायची आणि आत काळेभोर खुंट दिसायचे.

माझा गाळा केमिस्टच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. एका सकाळी मेधा नावाची तरुण बाई मुलीला कडेवर घेऊन जिना चढून आली. मुलगी पावणेचार-चार वर्षांची. वरचा ओठ सुजून पुढे आलेला, अंगात कणकण, आणि दोन्ही हातांचे तळवे तोंडावर घट्ट दाबलेले.

"खाली बोर्डावर नाव वाचलं," मेधा धापा टाकत म्हणाली. "मराठी आहात ना मॅडम? बरं वाटलं हो. ही सई."

माझी मदतनीस बिमला बुलंदशहरची. तिने लगेच "आओ साईं बेटा" म्हणून तिचं नावच बदलून टाकलं. सईने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मेधाने सांगितलं ते असं. महिन्याभरापूर्वी तिने सईला दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं होतं. निघताना सांगितलं, "डॉक्टरकाका काही करणार नाहीत, फक्त बघणार आहेत." तिथे गेल्यावर तिघांनी सईला धरलं आणि इंजेक्शन काढलं. ती किंचाळली, कुणाच्या तरी बोटाला चावली, आणि काहीच न होता सगळे घरी परतले. तेव्हापासून सई तोंड उघडत नव्हती. ब्रशला नाही, डॉक्टरला नाही, आणि शाळेत बोलायलाही नाही. "टीचरने विचारलं मला, हिला ऐकू येतं ना नीट?" मेधा सांगत होती. मग ती सईकडे वळून घाईघाईने म्हणाली, "सई, या आंटी फक्त बघणार आहेत हां..."

"नको," मी म्हणाले. "ते सांगू नका."

मी खाली बसले. "सई, आज मी तुझ्या तोंडाला हात लावणार नाही. औषध देणार आहे, ते आई पाजेल. ते कडू आहे."

सईने हात काढले नाहीत, पण औषध कडू आहे हे कुणी कबूल करतंय म्हटल्यावर तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

मेधाची अवस्था वाईट होती. एवढं सुजलेलं पोर घेऊन आली आणि डॉक्टरीण म्हणते, हात लावणार नाही. सई झोपेत असताना मेधाने ओठ उचलून बघितलं होतं. पुढच्या दोन दातांच्या वर हिरडीला पिवळसर फोड होता. म्हणजे दातांच्या मुळांशी पू झाला असणार हे मला दिसत होतं. मी औषध लिहून दिलं आणि तिला स्पष्ट सांगितलं, "रोज मला फोन करायचा. सूज उतरायला लागली तर आपल्याला वेळ मिळेल. ती डोळ्याच्या दिशेने सरकली, ताप चढला, तर माझी वाट बघायची नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलमध्ये. तिथे भूल देऊन करतील."

पुढचे चार दिवस मला स्वतःला नीट जेवण गेलं नाही. दातांचे डॉक्टर फार मोठ्या संकटांशी झगडत नाहीत असं लोकांना वाटतं. लहान मुलाच्या चेहऱ्यावरची सूज ही मात्र आम्हीही घाबरतो अशी गोष्ट आहे.

सूज उतरली.

मग कारणांचं बोलणं झालं. सई अजून बाटलीने दूध पीत होती, साखर घातलेलं, आणि बाटली तोंडात ठेवूनच झोपत होती. झोपेत तोंडातली लाळ कमी होते, त्यामुळे गोड दूध रात्रभर दातांना चिकटून राहतं. सगळ्यात आधी जातात ते वरचे पुढचे दात. मेधा ऐकत राहिली. "मला कुणी सांगितलंच नाही हो," एवढंच म्हणाली. तिच्या आईचा पुण्याहून आठवड्याला एक एसटीडी फोन यायचा, त्यात दातांचा विषय कुठून निघणार?

दुसऱ्या खेपेला मी सईला खुर्चीवर बसवलंच नाही. आमच्या कामात एक जुनी रीत आहे: आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. माझ्याकडे फुटबॉलएवढा एक प्लास्टिकचा जबडा होता आणि त्याच्या मापाचा ब्रश. सईला तो दिला. तिने बराच वेळ तो जबडा घासला, एका हाताने. दुसरा हात तोंडावर होताच. मग मी एक नवा ब्रश काढला, खुर्चीवर आडवी झाले, तोंड उघडलं आणि म्हटलं, "आता माझे."

सई बिमलाकडे बघायला लागली. बिमलाने गंभीर चेहऱ्याने तिला स्टुलावर उभं केलं आणि माझ्या गळ्याला रुमाल बांधला. सईला आता दोन्ही हात लागणार होते. एका हाताने हनुवटी धरायची, दुसऱ्याने घासायचं. तोंडावरचा हात खाली आला.

तिने माझे दात घासले, हिरडी घासली, ओठ घासले आणि डावी नाकपुडीही घासली. मी आडवी पडल्या पडल्या तिला कामं सांगत होते. "वरचे झाले? आता मागे जा. आता दाढ घास. दिसते का दाढ?"

ब्रश थांबला. सई वाकून माझ्या तोंडात बघत होती. मग अगदी हळू आवाजात, पण स्पष्ट, ती म्हणाली,

"दाढी पप्पांना असते."

दाराशी बसलेली मेधा ताडकन उभी राहिली. मी हसू दाबून म्हटलं, "दाढी नाही गं, दाढ. मागचा मोठा दात."

"नाही. दाढी पप्पांना असते. बायकांना नसते," सईने मला समजावून सांगितलं. दिल्लीत वाढणाऱ्या मुलांचं मराठी असंच असतं, रोजचे शब्द येतात आणि जरा बाजूचा शब्द आला की गाडी घसरते. पण शाळेत महिनाभर तोंड न उघडलेली मुलगी दवाखान्यात माझी चूक दुरुस्त करत होती. "तुला पण आहे दाढ," मी म्हटलं. "पैज?" आणि तिला स्वतःची दाढ बघायची असल्यामुळे तिने आरशासमोर तोंड उघडलं. तेवढ्यात मीही बघून घेतलं.

पुढचे दोन दात वाचण्यासारखे नव्हते. मागच्या दाढांना कीड लागत होती, पण त्या भरता येणार होत्या.

ते दोन दात काढायचा दिवस मला लख्ख आठवतो. मेधाने विचारलं, "हिला काय सांगू?" मी म्हटलं, "खरं तेच. मी सांगते." आणि सईला सांगितलं: "दोन दात आजारी आहेत, ते काढायचे. आधी हिरडीला गोड जेल लावणार. मग टोचणार. ते दुखेल, थोडा वेळ. मग ओठ जाड झाल्यासारखा वाटेल. नको वाटलं की हात वर कर. मी थांबेन."

"पक्कं?" तिने विचारलं नाही, पण तिच्या डोळ्यांत तेच होतं. कारण मी आरसा हातात घेतला आणि तिने हात वर केला. मी थांबले. हात खाली. मी जेल घेतलं, हात वर. थांबले. तिला काहीही दुखत नव्हतं, ती मला तपासत होती. मेधा म्हणाली, "सई, पुरे आता," तर मी मेधालाच गप्प बसवलं. पुन्हा हात वर गेला आणि त्याच क्षणी वीज गेली. दिवा बंद, पंखा बंद, खालच्या रसवंतीचं यंत्रसुद्धा बंद.

सई हात वर धरून तशीच पडून राहिली. खिडकीतून येणाऱ्या उजेडात तिचा चेहरा दिसत होता आणि त्यावर भीती नव्हती, निव्वळ आश्चर्य होतं. तिने हळूच हात खाली आणला. नेमका तेव्हा केमिस्टचा जनरेटर धडधडला आणि दिवा लागला.

मी थांबेन यावर तिचा कितपत विश्वास बसला असता कोण जाणे, पण आपण हात वर केला की सगळं नोएडा थांबतं, हे तिने स्वतः बघितलं होतं. त्यानंतर तिने हात एकदाच वर केला, टोचताना, आणि मी थांबले. तिने दोन श्वास घेतले, डोळ्यांतून पाणी काढलं आणि हात स्वतःहून खाली ठेवला. दात निघाले. घरी जाताना ती कापसाचा बोळा चावत बिमलाला टाटा करून गेली. पुढच्या खेपांना दाढाही भरून झाल्या.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती लिहायला घेतली नसती. दात काढणं, भरणं हे डॉक्टरचं काम. त्याला शिक्षण लागतं, पण ते अर्ध्या तासात होतं. अवघड असतं ते रोज रात्री झोपण्यापूर्वी घरात काय घडतं ते बदलणं, कारण तिथे डॉक्टर नसतो.

पाच-सहा महिन्यांनी मेधा सईला तपासणीला घेऊन आली. सई आता शाळेत बोलत होती, फक्त "साप"चा "थाप" होत होता. पण मागच्या दाढांवर नवे पांढुरके चट्टे होते. कीड सुरू होण्याची ती पहिली खूण.

"बाटली सोडली ना?"

"सोडली मॅडम, शप्पथ."

"आणि रात्री ब्रश?"

मेधा म्हणाली, "सकाळी करतो. रात्री... ही श्रीरंगची वाट बघत सोफ्यावर झोपून जाते. झोपलेल्या पोराला उठवून ब्रश करायला माझ्याच्याने होत नाही. आणि रविवारी तो घरी असला की दिवसभर चॉकलेटं."

श्रीरंग म्हणजे सईचे वडील. नोएडातच एका टीव्ही कार्यक्रम बनवणाऱ्या कंपनीत संकलनाचं काम करायचे. नव्या वाहिन्या निघत होत्या, कामाला सुमार नव्हता. मी निरोप दिला, पुढच्या खेपेला त्यांनी यावं.

ते एका शनिवारी एकटेच आले. उंच, दाढी खरोखरच भरघोस. खुर्ची दिसताच दारात थबकले. "मला नाही ना बसायचं यावर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आज नाही. मग बसले आणि माझं बोलणं सुरू व्हायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, मला कळतंय. पण मी निघतो तेव्हा ती शाळेच्या गडबडीत असते, परत येतो तेव्हा झोपलेली. मला बघून तिचा चेहरा फुलावा असं माझ्याकडे दुसरं काय आहे?"

यावर रागावता येईल असं काही नव्हतं. मी त्यांना सांगितलं की चॉकलेट बंद करू नका. जेवणाबरोबर द्या, एकदाच द्या, दिवसभर थोडं थोडं नको. कारण दातांना किती गोड मिळालं यापेक्षा किती वेळा मिळालं हे जास्त बाधतं. आणि ब्रश झोप यायच्या आधी, संध्याकाळच्या जेवणानंतर लगेच. "पण एकटीला उभं करून नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला स्वतःचे दात नीट घासता येत नाहीत, मोठ्यांनी घासून द्यावे लागतात. आणि मोठे स्वतः घासताना दिसले, तरच मूल ते घरचं काम म्हणून धरतं. तुम्ही दोघं रात्री घासता?"

श्रीरंग खाली बघत म्हणाले, "नाही." मग मान वर करून, "संध्याकाळी मी ऑफिसातच असतो हो. फोनवर चालेल?"

मला वाटलं, ते थट्टा करताहेत. ते करत नव्हते.

पुढच्या आठवड्यापासून रोज, सईचं जेवण झालं की मेधा ऑफिसला फोन लावायची. रिसीव्हर फोनशेजारी टेबलावर ठेवायचा आणि चूळ टाकायला मोरीतून आणलेलं तसराळं तिथेच मांडायचं. इकडे श्रीरंग आपल्या मशीनसमोर बसून, खांद्याने रिसीव्हर कानाशी दाबून दात घासायचे. ओरडून सांगायचे, "वरचे! आता मागे! दाढ!" सई तिकडून ओरडायची, "दाढी!" आणि मेधा तेवढ्यात तिच्या मागच्या दाढा घासून घ्यायची. शेवटी दोघांनी एकदम चूळ भरायची, आणि त्याचा आवाज फोनवरून एकमेकांना ऐकवायचा. आधी ऑफिसातले लोक हसले. एक वरिष्ठ वैतागले म्हणे, "यार, ये एडिटिंग रूम है कि बाथरूम?" मग हळूहळू कुणीकुणी आपलाही ब्रश आणून ठेवला. रात्रीपर्यंत काम करणारी माणसं, त्यांचीही पोरं घरी होती. त्यातल्या दोघांनी आपली मुलं माझ्याकडे पाठवली. श्रीरंग स्वतःसुद्धा शेवटी खुर्चीवर बसले. सई शेजारी उभी राहून त्यांना सांगत होती, "पप्पा, नको वाटलं तर हात वर करा. आंटी थांबतात."

दाढांवरचे चट्टे वाढले नाहीत. मी दाढांना फ्लोराइडचा लेप लावला आणि बाकीचं काम त्या टेलिफोनने केलं. नंतर मी इतर आईबापांनाही ही युक्ती सांगायची. सगळ्यांना जमली असं नाही. इमारतींच्या पायाडांवर राबणाऱ्या ज्या बाया आपली पोरं वाळूच्या ढिगावर खेळवत होत्या, त्यांच्या घरी फोन नव्हता, नळही नव्हता. त्यांच्यासाठी मी थोडंच करू शकले, याची रुखरुख अजून आहे.

राहिली एक गोष्ट. सईच्या हिरडीत पू झाला होता, तेव्हा त्याच्याखालच्या नव्या दातांचं काय झालं असेल? मी आईवडिलांना सांगितलं होतं की आज सांगता येत नाही, उगवतील तेव्हा कळेल. सई साडेसहाची झाली. वर्गातल्या मुलांचे दात पडले, नवे आले. सईचे खालचे आले, वरची जागा रिकामीच. सात उलटली. एक्स-रे काढला, दात आत होते, पण फार लवकर मोकळ्या झालेल्या जागेवर हिरडी जाड होऊन बसते आणि नव्या दाताला बाहेर यायला उशीर होतो. मी तसं सांगितलं. मेधा हो म्हणायची, पण प्रत्येक वेळी एक्स-रेची ती छोटी काळी फिल्म खिडकीशी धरून पुन्हा पुन्हा बघायची.

एका सकाळी तिघंही न कळवता दवाखान्यात हजर. ब्रश करताना काहीतरी खरखरीत लागलं होतं आणि सईने ते कुणालाच बघू दिलं नव्हतं. "आधी आंटी," म्हणाली होती. ती स्वतःच खुर्चीवर चढली आणि तोंड उघडलं.

हिरडीतून एक दात बाहेर आला होता, नव्या दाताला असते तशी बारीक दातेरी कड. शेजारच्याची पांढरी रेघही हिरडीखाली दिसत होती. मी फुंकर मारून तो कोरडा केला, आरसा फिरवून पुढून-मागून बघितला. टणक होता. फक्त मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा एक पिवळट डाग होता, त्या जुन्या आजाराचा.

सईने हातातल्या आरशात बघितलं. तिलाही तो दिसला. "हे काय आहे?"

"डाग आहे."

"जाईल?"

मेधाने माझ्याकडे बघितलं. हो म्हणा, असं ती न बोलता विनवत होती.

"नाही," मी म्हणाले. "तो राहील. मोठी झालीस आणि नको वाटला तर झाकता येईल."

सईने आरसा जवळ घेतला, लांब धरला. जिभेने दाताला खालून ढकलून बघितलं. "पण दात? तो पडणार?"

"नाही. तू रोज घासलास तर तो म्हातारी होईपर्यंत तुझा."

ती खुर्चीवरून उतरली, वडिलांपाशी गेली, त्यांना खाली वाकायला लावलं आणि बोटाने ओठ वर करून तो दात डागासकट दाखवला.

"पप्पा, देखो," ती म्हणाली. "हा पक्का आहे."